ग्रॅफीन ऑक्साइड व सच्छिद्र बहुवारिके : दोन द्रव्यांमधील इलेक्ट्रॉनांचा व्यवहार

दुर्ग व भिलाई या जोडशहरांत, मोहन नगरसारख्या वस्तीत वाढलेल्या मुलांना कोक हा शब्द रसायनशास्त्राचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच ठाऊक असणे स्वाभाविक आहे. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून येणारे लोहखनिज आणि दगडी कोळशापासून केलेला कोक यांची गाठ या भट्ट्यांत पडते. लोहखनिज म्हणजे लोखंड व ऑक्सिजन यांचे संयुग होय. कोकमधील कार्बन जळून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. तो खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. रसायनशास्त्रज्ञ या क्रियेस क्षपण म्हणतात. खनिजात असताना लोखंडाच्या अणूंनी आपले जे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाच्या स्वाधीन केलेले असतात, ते त्यांना परत मिळणे हे या क्रियेचे मर्म आहे.

कार्बन, ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन या तिघांचा असाच एक व्यवहार आज प्रयोगशाळांतून अत्यंत सूक्ष्म प्रमाणावर अभ्यासला जात आहे. त्यात एका बाजूस कार्बनाचा अणूएवढ्या जाडीचा पत्रा असतो व दुसऱ्या बाजूस असंख्य पोकळ्या असलेले एक बहुवारिक, म्हणजे ज्यास व्यवहारात पॉलिमर म्हणतात असे द्रव्य असते. ही दोन एकत्र आणून जे संकरित द्रव्य तयार होते, त्यापासून वीज साठविण्याची व दूषित पाणी शुद्ध करण्याची साधने करता येतील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत सफल होईल, हे एका प्रश्नावर अवलंबून आहे. एकत्र आणलेल्या या दोन द्रव्यांमध्ये इलेक्ट्रॉनांची देवघेव खरोखर होते, की ती केवळ शेजारी पडून राहतात?

कार्बनाचा पत्रा

पेन्सिलीतील शिसे म्हणून जे ओळखले जाते ते वस्तुतः ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइटात कार्बनाचे अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले असून अशा जाळ्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. जाळीतील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, तर दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग.) कार्बनाच्या अणूपाशी बंध जोडण्यास उपयोगी पडणारे चार इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी तीन शेजारच्या अणूंशी बंध करण्यात गुंततात. चौथा कोणा एका अणूचा राहत नाही. तो साऱ्या थरावर संचार करू शकतो. ग्रॅफाइटातून वीज वाहते ती या चौथ्या इलेक्ट्रॉनामुळे.

याचा पडताळा शाळेतही घेता येतो. कागदावर मऊ पेन्सिलीने बोटभर लांबीचा जाड, गडद पट्टा ओढावा. नऊ व्होल्टची एक लहान बॅटरी व प्रकाश देणारा एक डायोड यांच्या मंडलात हा पट्टा तारेऐवजी जोडावा. डायोड मंद उजळेल. आता पट्ट्याच्या मध्यावर आडवी रेघ खोडरबराने पुसून टाकावी. डायोड विझेल. कार्बन जवळजवळ तेवढाच राहिला, पण इलेक्ट्रॉनांची वाट तुटली. पुढील विवेचनात हा खोडरबर पुन्हा उपयोगी पडणार आहे.

ग्रॅफाइटाचा एकच थर वेगळा काढला, तर त्यास ग्रॅफीन म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने थर सोलत असा एकेरी थर मिळविला व त्याचे विद्युत् गुणधर्म मोजले. या कार्याबद्दल २०१० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. परंतु चिकटपट्टीने मिळणारे ग्रॅफीन अत्यल्प असते, आणि शुद्ध ग्रॅफीन पाण्यात पसरत नाही. विपुल प्रमाणात, पाण्यात कालवता येईल असा पत्रा हवा असेल, तर तो ऑक्सिजनाच्या साहाय्याने मिळवावा लागतो.

ही वाट फार जुनी आहे. ऑक्सफर्ड येथील बेंजामिन ब्रॉडी यांनी १८५९ साली ग्रॅफाइटावर पोटॅशियम क्लोरेट व धूमायमान नायट्रिक अम्ल यांची क्रिया वारंवार घडवून एक फिकट पिवळे द्रव्य मिळविले. ग्रॅफाइटातील कार्बनाचा अणुभार ३३ असून ते एक निराळेच मूलद्रव्य मानावे, असा तर्क त्यांनी या प्रयोगांवरून केला. तो चुकीचा ठरला. त्यांनी तयार केलेले द्रव्य मात्र टिकून राहिले. हेच आजचे ग्रॅफाइट ऑक्साइड. १९५८ साली अमेरिकेतील हमर्स व ऑफमन यांनी संहत गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट वापरून तेच द्रव्य काही तासांत करण्याची कृती प्रसिद्ध केली. आज बहुतेक ठिकाणी त्या कृतीचीच सुधारलेली रूपे वापरतात. या क्रियेत स्फोटाचा धोका असल्याने ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेबाहेर कधीही करू नये.

ग्रॅफाइट ऑक्साइडाचे थर पाण्यात सुटे झाले म्हणजे त्यांस ग्रॅफीन ऑक्साइड म्हणतात. पत्र्याच्या दोन्ही पृष्ठांवर ऑक्सिजनयुक्त गट चिकटलेले असतात, तर कडांवर मुख्यतः कार्बॉक्सिल गट असतात. या गटांमुळे पत्रा पाण्यात ऋण विद्युत् भार धारण करतो व सहज पसरतो. इतर रेणूंना धरून ठेवण्यास हेच गट हातांप्रमाणे उपयोगी पडतात. परंतु ज्या ज्या कार्बन अणूवर ऑक्सिजन बसतो, त्याचा चौथा इलेक्ट्रॉन बंधात अडकतो व संचार करीनासा होतो. खोडरबराने पट्टा ठिकठिकाणी पुसावा तशी पत्र्याची स्थिती होते, आणि ग्रॅफीन ऑक्साइड जवळजवळ विद्युत् निरोधक बनते. उष्णतेने किंवा क्षपणकारकाने ऑक्सिजन काढून टाकला, तर संवाहकता बऱ्याच अंशी परत येते. मात्र जाळीत पडलेली भोके पूर्णपणे भरत नाहीत.

पोकळ्यांचे बहुवारिक

पोकळीचे महत्त्व कोळशाच्या पुडीवरून समजते. शाईने रंगविलेल्या पाण्यात चांगल्या कोळशाची बारीक पूड ढवळून ते गाळले असता पाणी बरेच फिके होते. रंगाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. जितका पृष्ठभाग अधिक, तितके अधिशोषण अधिक. या विषयाचे एक अग्रणी अभ्यासक जेम्स विल्यम मॅकबेन हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते. या प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

पॉलिथीन, नायलॉन यांसारख्या नेहमीच्या बहुवारिकांच्या साखळ्या लवचीक असतात. त्या एकमेकींत दाटून बसतात व आत पोकळी उरत नाही. साखळीचे घटक ताठ व वाकडे ठेवले, किंवा ते सर्व दिशांनी घट्ट जोडले, तर मात्र साखळ्यांना दाटून बसता येत नाही. या तत्त्वावर गेल्या काही दशकांत अनेक सच्छिद्र बहुवारिके तयार झाली. चीनमधील जिलिन विद्यापीठात २००९ साली झालेल्या अशा एका बहुवारिकाच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग ५,६०० चौरस मीटर भरला. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्या हिशेबाने एका ग्रॅमात अशी ४३ मैदाने सामावली.

यांपैकी काही बहुवारिकांत पोकळ्या वेड्यावाकड्या असतात, तर काहींत त्या मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे नियमित असतात. दुसऱ्या जातीस सहसंयुजी कार्बनी सांगाडे म्हणतात. अमेरिकेत ओमर यागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ते प्रथम तयार केले. (यागी यांना २०२५ साली धातु-कार्बनी सांगाड्यांवरील कार्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) या पहिल्या सांगाड्यांत बोरॉनचे बंध होते, आणि पाण्याच्या संपर्कात ते मोडत. जे द्रव्य पाण्यात टिकत नाही, ते पाणी शुद्ध कसे करणार?

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग पुण्यास सापडला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन टप्प्यांची एक योजना प्रसिद्ध केली. फ्लोरोग्लुसिनॉलपासून मिळणारे तीन अल्डिहाइड गटांचे एक संयुग आणि दोन अमाइन गटांचे एक संयुग यांची त्यांनी जोडणी केली. पहिल्या टप्प्यातील बंध उलट फिरू शकतात. त्यामुळे चुकीचा जुळलेला घटक सुटून पुन्हा योग्य जागी बसतो व नियमित स्फटिक वाढतो. दुसऱ्या टप्प्यात रेणूंतील हायड्रोजन आपली जागा बदलतो आणि रचना अशा रूपात स्थिर होते की ती मागे फिरत नाही. हे सांगाडे उकळत्या पाण्यात व तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लातही टिकले. पुढे अनेक देशांत या पद्धतीचा अवलंब झाला.

कोठार आहे, रस्ता नाही

टिकाऊ सांगाडा हाती आल्यावर त्यात इलेक्ट्रॉन साठविता येतील काय, हा विचार पुढे आला. त्यासाठी अँथ्राक्विनोन या रेणूची निवड झाली. मंजिष्ठेच्या मुळांतील तांबड्या रंगद्रव्यांचा सांगाडा हाच आहे, आणि तो ज्या अँथ्रासिनापासून करता येतो ते १८३२ साली दगडी कोळशाच्या डांबरात सापडले. अँथ्राक्विनोनाचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेऊ शकतो व पुन्हा परत देऊ शकतो.

कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम डिक्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अँथ्राक्विनोनाचे घटक पुण्याच्या रीतीच्या बंधांनी जोडून एक सांगाडा तयार केला. गंधकाम्लाच्या विद्रावात तो हजारो वेळा विद्युत् भारित व रिक्त होऊनही टिकला. परंतु त्यातील अँथ्राक्विनोनाच्या एकूण गटांपैकी फारच थोडे गट प्रत्यक्ष कामास आले. सांगाडा विजेचा वाईट संवाहक असल्याने आतल्या गटांपर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचतच नव्हते. धान्याने भरलेल्या कोठारास रस्ता नसावा, तसा हा प्रकार झाला. २०१६ साली याच सांगाड्याच्या पोकळ्यांत एक संवाहक बहुवारिक भरले असता आतले गटही कामास येऊ लागले, आणि उणीव रस्त्याचीच होती हे स्पष्ट झाले.

सांधा कसा जुळतो

या पार्श्वभूमीवर ग्रॅफीन ऑक्साइडाचे महत्त्व ध्यानात येते. बहुवारिकाजवळ पोकळी आहे, पण वाट नाही. ग्रॅफीन ऑक्साइडाची वाट तुटलेली आहे, पण पकड उत्तम आहे आणि तुटलेली वाट पुन्हा जोडता येते. म्हणून आधी ऑक्सिजनाच्या गटांचा उपयोग करून पत्र्यावर बहुवारिक वाढवावयाचे व मग तोच ऑक्सिजन शक्य तितका काढून टाकावयाचा, अशी युक्ती योजण्यात आली.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेले कार्य या युक्तीचे चांगले उदाहरण आहे. पाण्यात पसरलेल्या ग्रॅफीन ऑक्साइडाबरोबर त्यांनी सांगाड्याचे घटक बंद पात्रात तापविले. सांगाडा पत्र्यांना धरून वाढला, त्याच वेळी पत्र्यांवरील ऑक्सिजन कमी झाला, आणि सर्व मिळून अतिशय हलका, स्पंजासारखा पदार्थ तयार झाला. तो आपल्या वजनाच्या दोनशे पटींहून अधिक कार्बनी द्रव शोषून घेतो. धारित्राच्या विद्युत् अग्रासाठी त्याचा उपयोग केला असता एका ग्रॅमास २६९ फॅराड धारिता मिळाली व ५,००० आवर्तनांनंतरही तो टिकून राहिला.

सांध्यावर तीन प्रकारचे आकर्षण काम करते. पहिले विद्युत् भारांचे : पत्रा ऋण, तर अमाइन गट अम्लयुक्त पाण्यात धन असतो. दुसरे चपट्या वलयांचे : पत्र्यावर न पुसलेल्या षट्कोनांचे जे तुकडे उरतात, त्यांवर बहुवारिकाची वलये समांतर बसतात. तिसरे प्रत्यक्ष रासायनिक बंधाचे : कार्बॉक्सिल व अमाइन गटांत असा बंध जुळू शकतो.

दोन द्रव्ये इतकी जवळ आली म्हणजे इलेक्ट्रॉनांचा व्यवहार सुरू होतो. अमाइनमधील नायट्रोजनाजवळ बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. उलट ऑक्सिजनाने ओढून घेतल्यामुळे पत्र्यावर इलेक्ट्रॉनांची वाण असते. दोन टाक्या नळीने जोडल्या असता पाणी वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते, त्याप्रमाणे काही विद्युत् भार बहुवारिकाकडून पत्र्याकडे सरकतो. भेद एवढाच की भार सरकताच सांध्यावर एक विद्युत् क्षेत्र उभे राहते व तेच पुढील प्रवाहास आळा घालते. घटक बदलल्यास व्यवहाराची दिशाही उलटू शकते.

हे क्षेत्र प्रकाशाच्या साहाय्याने घडणाऱ्या क्रियांत फार उपयोगी पडते. बहुवारिकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो व मागे एक रिकामी जागा राहते. दोघांना दूर नेणारे काही नसेल, तर ते लगेच पुन्हा एकत्र येतात आणि प्रकाशाची ऊर्जा वाया जाते. सांध्यावरील क्षेत्र त्यांची ताटातूट करते, व मोकळा इलेक्ट्रॉन रासायनिक कामास मिळतो. मुलामा देण्याच्या व कातडी कमावण्याच्या उद्योगांच्या सांडपाण्यात क्रोमियम आढळते. त्याचे सहासंयुजी रूप अत्यंत विषारी असते. प्रत्येक अणूस तीन इलेक्ट्रॉन दिले की त्याचे पुष्कळच कमी घातक असे तीनसंयुजी रूप होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. ही मर्यादा पाहिली म्हणजे सांध्यावरील तीन इलेक्ट्रॉनांचा प्रश्न माणसाच्या आरोग्याशी कसा निगडित आहे हे कळते.

व्यवहार झाल्याचा पुरावा

इलेक्ट्रॉन एका द्रव्यातून दुसऱ्यात गेला, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून अप्रत्यक्ष पुरावे जमवावे लागतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाची एकेक मर्यादा असते.

पहिला पुरावा रामन परिणामाचा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यास शोधलेला हा परिणाम आज कार्बनाच्या परीक्षणाचे प्रमुख साधन आहे. ग्रॅफाइटाच्या रामन वर्णपटात दर सेंटिमीटरास सुमारे १,५८० तरंगांजवळ एक रेषा दिसते. बंगळूर येथे सी. एन. आर. राव यांच्या गटाने २००८ साली दाखविले की, इलेक्ट्रॉन देणारे रेणू ग्रॅफीनवर बसविले तर ही रेषा खाली सरकते, व इलेक्ट्रॉन घेणारे रेणू बसविले तर वर सरकते. मात्र पत्रा ताणला गेला तरीही रेषा सरकते. तेव्हा केवळ या खुणेवर विसंबता येत नाही.

दुसरा पुरावा क्ष-किरणांचा. क्ष-किरण पाडून नायट्रोजनातील आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास सुमारे ४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. नायट्रोजनाने आपला काही भार पत्र्यास दिला असेल, तर हा आकडा किंचित वाढतो. परंतु नमुना निरोधक असल्यास मोजणीच्या वेळी त्यावर भार साचतो, आणि त्यानेही आकडा बदलतो.

तिसरा पुरावा प्रतिदीप्तीचा. काही सच्छिद्र बहुवारिके प्रकाश पडला असता स्वतः चकाकतात. ग्रॅफीन ऑक्साइडाच्या सान्निध्यात ही चकाकी मंदावते. कारण इलेक्ट्रॉन पत्र्याकडे निघून जातो. पण काळसर पत्रा प्रकाश स्वतः शोषून घेत असला, तरीही चकाकी मंद दिसेल. म्हणून चकाकी किती तेजस्वी आहे याबरोबरच ती किती वेळ टिकते हेही मोजावे लागते. केवळ सावली पडली असेल, तर तेज घटते पण कालावधी बदलत नाही.

चौथा पुरावा सर्वांत साधा असूनही पुष्कळदा राहून जातो. संकरित द्रव्यात दोन घटकांचे जे प्रमाण असेल, त्याच प्रमाणात ते घटक नुसते खलात कालवून एक मिश्रण करावे व दोहोंची कसोटी एकाच रीतीने घ्यावी. संकरित द्रव्य मिश्रणाहून सरस ठरले नाही, तर सांध्याविषयीचे सारे विवेचन निराधार ठरते. सरस ठरले आणि पहिले तीन पुरावेही एकाच दिशेने बोट दाखवू लागले, तर इलेक्ट्रॉनांचा व्यवहार झाला असे मानण्यास हरकत नाही.

पुढील वाट

या द्रव्यांच्या मार्गात अजून अडचणी आहेत. ग्रॅफीन ऑक्साइड दर खेपेस सारखेच निघत नाही. ग्रॅफाइटाचा कण, अम्लाचे प्रमाण व तपमान यांनुसार त्यावरील ऑक्सिजन बदलतो, व त्याबरोबर सांधाही बदलतो. ते तयार करताना पुष्कळ अम्ल खर्ची पडते आणि त्याची विल्हेवाट लावावी लागते. बहुवारिक जास्त झाले तर वाट झाकली जाते. पत्रे जास्त झाले तर ते एकमेकांवर बसून पोकळ्या बुजवितात. ग्रॅमभर द्रव्यावर मिळालेले यश मणभर द्रव्यावर टिकेलच असे गृहीत धरता येत नाही.

दुर्ग जिल्ह्यात आता पोलादाच्या कारखान्याच्या जोडीस भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या कुटेलाभाटा येथील स्वतःच्या वास्तूचे उद्‌घाटन २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. मोहन नगरातील जो विद्यार्थी आज पेन्सिलीच्या पट्ट्याने डायोड उजळून पाहील, त्यास उद्या असे संकरित द्रव्य हाताळण्याची संधी मिळणे अशक्य नाही. त्या वेळी त्याने प्रथम खलातील मिश्रण तयार करून ठेवावे, आणि नंतरच आपल्या नव्या द्रव्याच्या गुणांविषयी निष्कर्ष काढावा.